सगळ्यांत एकच ब्रह्म, मग पाणवठे वेगळे का?

वर्षावास सुरू झाला की शिरपूर परिसरातल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन तिसऱ्या खंडातल्या 'अधम्म म्हणजे काय' या भागापर्यंत आले की एक प्रश्न हमखास निघतो. ब्रह्माशी एकरूप होणे आणि आत्म्यावर विश्वास ठेवणे, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी तिथे अधम्मात घातल्या आहेत. तेव्हा कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, "माझे मित्र म्हणतात, आमच्या वेदान्तात सगळ्यांच्या ठायी एकच ईश्वर सांगितला आहे. मग भेद राहिला कुठे? बुद्धालाही शेवटी आत्मज्ञानच झाले ना? मग तुम्ही वेगळे कशाला?"

या प्रश्नाला आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. कोणी चिडतो, कोणी गप्प बसतो. दोन्हीमुळे विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट समजून द्यायला हवे. बाबासाहेबांनी या तत्त्वज्ञानाला न वाचता नाकारलेले नाही. त्यांनी ते वाचले, त्यातले चांगले मान्य केले आणि मग एक साधा पण अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. तो प्रश्न काय होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्यांचे म्हणणे समजून घेऊ

'ईश्वर एकच आहे' या वाक्यात दोन निराळ्या कल्पना मिसळलेल्या असतात. पहिली एकेश्वरवादाची. जग निर्माण करणारा एकच आहे आणि तो जगाहून वेगळा आहे, अशी ही श्रद्धा ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत दिसते. दुसरी कल्पना अद्वैताची. ती म्हणते, एका तत्त्वाखेरीज दुसरे काही खरे अस्तित्वातच नाही. त्या तत्त्वाला ब्रह्म म्हणतात. त्याला रूप नाही, गुण नाहीत. आपण ज्याला 'मी' म्हणतो त्याच्या मुळाशी असलेला आत्मा आणि हे ब्रह्म यांत फरक नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात ही शिकवण एका गोष्टीतून येते. उद्दालक आरुणीचा मुलगा श्वेतकेतू बारा वर्षे शिकून घरी परततो, तोही थोडा ताठ्यातच. बाप त्याला रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतो. सकाळी खडा दिसत नाही. पण पाणी वरून चाखले, मधून चाखले, तळातून चाखले, तरी खारटच लागते. न दिसणारे तत्त्व तसेच सगळीकडे भरलेले आहे, आणि बाळा, तू स्वतः तेच आहेस, असे बाप सांगतो. वेगवेगळे दाखले देऊन तो हे नऊ वेळा सांगतो.

आत्मज्ञान किंवा आत्मसाक्षात्कार म्हणजे काय, हे समजावताना वेदान्ती लोक 'दहाव्या'ची गोष्ट सांगतात. दहा जण नदी पार करून काठावर येतात. सगळे आले का, हे पाहायला एक जण मोजू लागतो, तर नऊच भरतात. दुसरा मोजतो, पुन्हा नऊ. एक बुडाला म्हणून सगळे रडू लागतात. वाटेने जाणारा एक माणूस मोजणाऱ्याला म्हणतो, "अरे, दहावा तूच." म्हणजे नवे काही मिळवायचे नसते. स्वतःला मोजायचे राहून गेले, एवढेच अज्ञान दूर करायचे असते.

ही मांडणी सूक्ष्म आहे आणि सुंदरही आहे, हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटू नये. मात्र 'हिंदू तत्त्वज्ञान एकच सांगते' हा दावा खरा नाही. शंकराचार्यांनी अद्वैत मांडले. रामानुजांनी जीवाला ब्रह्माचे शरीर मानले. मध्वाचार्यांनी तर जीव आणि ईश्वर कायमचे भिन्न ठरवले. सांख्य आणि पूर्वमीमांसा या जुन्या दर्शनांना जगाचा कर्ता ईश्वर लागतच नाही. तेव्हा आपला मित्र ज्याला 'आमचे तत्त्वज्ञान' म्हणतो, ते अनेक मतांपैकी एक मत आहे.

आपल्या खानदेशातले अद्वैत

हा विषय काशी किंवा शृंगेरीपुरताच नाही. शिरपूरहून तापी ओलांडून दक्षिणेला गेले की अमळनेर लागते. तिथे १९१६ मध्ये गिरणीमालक प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था काढली. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास हाच तिचा मुख्य हेतू होता. देशभरातले विद्वान तिथे येऊन राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, जी. आर. मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती ही त्यांतली मोठी नावे. विशेष म्हणजे याच मूर्तींनी पुढे नागार्जुनाच्या माध्यमिक मतावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आजही तो वाचतात.

साने गुरुजी काही काळ याच तत्त्वज्ञान मंदिरात होते. नंतर ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावे यांनी तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ती चालली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली. तीच आजची 'गीता प्रवचने'. गुरुजींच्या 'भारतीय संस्कृती' या पुस्तकाची सुरुवातही अद्वैतावरच्या प्रकरणाने होते. सर्वांत एकच तत्त्व असेल तर अस्पृश्यता पाळणे हा त्या तत्त्वाचाच अपमान आहे, अशी गुरुजींची भूमिका होती.

आणि गुरुजी हे नुसते लिहून थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिर खुले झाले. चोखोबांची समाधी सहा शतके त्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर होती. आत जायला वाट मिळाली ती १९४७ मध्ये.

गुरुजींच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांच्याच उदाहरणातून एक प्रश्न उभा राहतो. सर्वांभूती एकच देव, हे कीर्तनातून शतकानुशतके सांगितले गेले. तरीही त्या देवाचे दार उघडायला एका माणसाला दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. तत्त्व तर आधीपासून होते. मग ते दारात का अडले?

एकत्व अडले कुठे?

याचे उत्तर अद्वैताच्या रचनेतच सापडते. शंकराचार्यांच्या परंपरेने सत्याच्या दोन पातळ्या मानल्या. परमार्थ आणि व्यवहार. परमार्थात ब्रह्म सोडून काही नाही, म्हणून जात नाही, वर्ण नाही, गुरू-शिष्यही नाहीत. पण ज्ञान होईपर्यंत व्यवहार चालू राहतो आणि व्यवहारात वर्णाश्रमाचे नियम लागू राहतात. म्हणजे समता आहे, पण ती वरच्या मजल्यावर. खाली, जिथे माणसे पाणी भरतात, लग्ने लावतात, मजुरी मागतात, तिथे सगळे पूर्वीसारखेच.

हा आमचा तर्क नाही, हे भाष्यातच लिहिलेले आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात 'अपशूद्राधिकरण' नावाचा भाग आहे. शूद्राला वेदाधारित ब्रह्मविद्येचा अधिकार आहे का, हा तिथला प्रश्न. शंकराचार्यांच्या भाष्यातले उत्तर 'नाही' असे आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, या स्मृतिवचनाचाही तिथे आधार घेतला आहे. इतिहास-पुराणांतून शूद्राला ज्ञान मिळू शकते, विदुर आणि धर्मव्याध यांना ते पूर्वसंस्कारांमुळे मिळाले, एवढी सवलत ते देतात. सत्यकाम जाबालाची गोष्ट आपण समतेचा दाखला म्हणून ऐकतो. आईला बापाचे गोत्र माहीत नव्हते, तरी मुलगा खरे बोलला म्हणून गुरूंनी त्याला शिष्य केले. या भाष्यात तीच गोष्ट मनाईच्या बाजूने वापरली आहे. तो खरे बोलला, म्हणजे तो शूद्र नसणार याची गुरूंना खात्री पटली, म्हणून उपनयन केले, असा त्याचा अर्थ लावला आहे.

शंकराचार्य आणि चांडाळ यांची आख्यायिकाही अनेकांना ठाऊक असते. काशीत आचार्य चांडाळाला वाटेतून बाजूला हो म्हणतात. चांडाळ विचारतो, "कोणी बाजूला व्हायचे? देहाने की आत्म्याने? देह सगळ्यांचे अन्नाचेच, आणि आत्मा तर एकच." आचार्य निरुत्तर होतात आणि नमस्कार करतात. गोष्ट चांगली आहे. पण तिचा शेवट पाहा. तो चांडाळ खरा चांडाळ निघत नाही. तो वेष घेऊन आलेला साक्षात शंकर निघतो. म्हणजे गोष्टीतसुद्धा नमस्कार अखेर देवालाच पोचतो. खरा चांडाळ वाटेच्या कडेलाच उभा राहतो.

बाबासाहेबांचा प्रश्न

खानदेशाचा आणि बाबासाहेबांचा संबंध आपल्याला माहीत आहे. १९३७ मध्ये ते धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने बाबासाहेबांचा पुढचा युक्तिवाद माहीत करून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणग्रंथात बाबासाहेब हिंदू समाजाला सांगतात की स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना जुळणारी तत्त्वे बाहेरून उसनी आणायची गरज नाही, ती उपनिषदांत सापडू शकतील. पुढे त्यांनी हा विचार 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये छापला. त्यातले बाविसावे कोडे ब्रह्मावर आहे.

तिथे बाबासाहेब ब्रह्मकल्पनेची टिंगल करत नाहीत. उलट ते तिची बाजू घेतात. मी ब्रह्म आहे असे म्हणणे हा उद्धटपणा आहे, या आक्षेपाला ते उत्तर देतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तू कमी प्रतीचा आहेस असे ऐकवले गेले, त्याने स्वतःची योग्यता ठामपणे सांगणे यात गैर काय? ब्रह्म कोणाला कळत नाही, या आक्षेपावर ते म्हणतात, न कळो. सगळे त्याच एका तत्त्वाचे अंश असतील, तर सगळे समान ठरतात. लोकशाहीला याहून भक्कम पाया कोणता मिळणार?

आणि मग प्रश्न येतो. असा पाया हाती असताना त्यावर समतेची इमारत का उभी राहिली नाही? एका बाजूला ब्रह्माची शिकवण आणि दुसऱ्या बाजूला जाती, पोटजाती, अस्पृश्यता, हे दोन्ही एकाच समाजात, कित्येकदा एकाच आचार्याच्या लिखाणात, शेजारी शेजारी कसे नांदले?

बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे, की ब्रह्म धर्म झाले नाही. ते विचारात राहिले, आचारात आले नाही. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे ब्रह्माने ठरवले नाही, ते ठरवले मनुस्मृतीने.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे गेली, ती कशासाठी? ओंजळभर पाण्यासाठी आणि त्या पाण्यावरच्या हक्कासाठी. उद्दालकाने पाण्यातच ब्रह्म दाखवले होते. त्याच पाण्याला हात लावला म्हणून लोकांची डोकी फुटली आणि तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ईश्वर सर्वत्र आहे, असे मानणाऱ्या समाजाने त्याला कुलूप लावले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात झालेली घोषणा या सगळ्या अनुभवानंतरची आहे.

तथागतांचा वेगळा रस्ता

आता प्रश्नाचा दुसरा भाग. बुद्धालाही आत्मज्ञानच झाले का?

नाही. सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे अनत्तलक्खण सुत्तात, तथागत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाचही स्कंध एकेक करून तपासतात. यातले काहीही कायम टिकणारे नाही, काहीही आपल्या हुकमात नाही, म्हणून यातल्या कशालाही 'माझा आत्मा' म्हणता येत नाही. अद्वैती साधक थरामागून थर सोलून शेवटी न बदलणाऱ्या आत्म्यापाशी पोचतो. तथागत तेच थर तपासतात आणि असा आत्मा मागे धरून ठेवत नाहीत. पाहायचे असते ते दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि त्याचा मार्ग. बोधी ती ही.

स्वतःचा दीप स्वतः व्हा, या बुद्धवचनातला 'अत्त' शब्द दाखवून कोणी म्हणते, बघा, इथे आत्मा आलाच. पण पाली भाषेत 'अत्त' हा शब्द 'स्वतः' या साध्या अर्थानेही येतो. इथे तो त्याच अर्थाने आहे. आपण 'आत्मनिर्भर' म्हणतो तेव्हा वेदान्त सांगत नसतो, तसेच हे.

दीघनिकायातल्या तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे येतात. ब्रह्माशी मीलन होण्याचा खरा मार्ग कोणता, यावर त्यांचा वाद चाललेला असतो. इथला ब्रह्मा हा देव आहे, अद्वैतातले निर्गुण ब्रह्म नव्हे, हा फरक लक्षात ठेवावा. तथागत विचारतात, तुमच्या आचार्यांपैकी कोणी त्याला पाहिले आहे का? आचार्यांच्या आचार्यांनी? नाही. मग ही आंधळ्यांची रांग झाली. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला नाही, मागच्यालाही नाही. पण तथागत तरुणांना तसेच परत पाठवत नाहीत. ते त्यांना मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा शिकवतात. ब्रह्माकडे जायची वाट विचारायला आलेल्यांना माणसांकडे जायची वाट दाखवली.

समतेसाठी तथागतांना आत्म्याची गरज पडली नाही. अस्सलायन सुत्तात ते साधा दाखला देतात. उच्च कुळातल्याने चंदनाच्या लाकडावर अग्नी पेटवला आणि चांडाळाने कुत्र्या-डुकरांच्या डोणीच्या लाकडावर पेटवला, तर दोन्ही अग्नींची ज्योत, धग, उजेड यांत फरक पडतो का? इथे वरचा मजला आणि खालचा मजला असे काही नाही. डोळ्यांना दिसते तेच प्रमाण.

दोन्ही परंपरांतला फरक एकाच दाखल्यातून स्पष्ट होतो. आपल्या शिरपूरची अरुणावती तापीला मिळते, धुळ्याची पांझराही मिळते, आणि तापी सुरतेकडे जाऊन समुद्राला मिळते. तिथे कोणते पाणी कोणाचे, हे सांगता येत नाही. नद्या समुद्रात नाव हरवतात, हा दाखला मुंडक उपनिषदात आहे. तिथे त्याचा अर्थ असा की ज्ञानी पुरुष नाम-रूप टाकून परमतत्त्वात विलीन होतो. हाच दाखला तथागतांनीही दिला आहे. त्यांच्याकडे त्याचा अर्थ असा की चारही वर्णांची माणसे संघात आली की आपले पूर्वीचे नाव-गोत्र सोडतात. एकीकडे विलीन होतो तो एकटा ज्ञानी. दुसरीकडे विलीन होते ती जात.

आणि हे संघात प्रत्यक्ष झाले. शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली सोबत होता. त्याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल, असे कुमारांनीच सांगितले. तसे झाले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते, म्हणून शाक्यांनी न्हाव्याला वंदन केले. तत्त्व नियमात उतरले, नियम वागण्यात उतरला. बाबासाहेब ब्रह्माविषयी जे विचारत होते, ते इथे घडलेले होते. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणी भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली असे सांगितले, त्यामागे हे कारण आहे.

मग मित्राला काय सांगायचे?

भांडायचे नाही. तुमचे तत्त्वज्ञान खोटे आहे, अशी सुरुवातही करायची नाही. सांगायचे, की सर्वांत एकच ईश्वर आहे असे तुला मनापासून वाटत असेल तर आम्हाला आनंद आहे. फक्त त्या एकत्वाने तुझ्या गावात काय बदलले, तेवढे सांग. विहीर, स्मशान, भाड्याची खोली, लग्नाची पत्रिका, गटार उपसणारा माणूस, यांपैकी कुठे ते पोचले? जिथे पोचले असेल तिथे आपण बरोबर आहोत. जिथे पोचले नसेल, तिथे 'सगळे एकच' हे म्हणणे अन्याय झाकण्याच्या कामी येते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'भेद तूच करतोस' असे ऐकवण्याच्या कामी येते. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणारे 'सगळे एकच' याच जातीचे आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये बाबासाहेबांनी ते स्पष्ट नाकारायला लावले, ते उगाच नाही.

मात्र ही मोजपट्टी एकदा हातात घेतली की ती आपल्यालाही लागते. प्रज्ञा, करुणा, समता हे शब्द विहाराच्या भिंतीवर राहिले आणि सोयरिक जुळवताना पोटजात विचारली गेली, तर ब्रह्माचे जे झाले तेच धम्माचे होईल. शिरपूर तालुक्यात आपल्या शेजारी भिल्ल आणि पावरा आदिवासी बांधव मोठ्या संख्येने राहतात. गावोगाव सफाईचे काम करणारी कुटुंबे राहतात. आपल्या धम्माची परीक्षा त्यांच्या दारात होणार आहे. या वर्षावासात 'अधम्म म्हणजे काय' हा भाग वाचून झाला की त्याच बैठकीत एवढा एक प्रश्न घ्यावा: आपल्या विहारात, आपल्या पंगतीत, आपल्या घरच्या लग्नात अजून कोण आलेले नाही, आणि त्यांना बोलवायला कोण जाणार?

जय भीम. नमो बुद्धाय.